सिग्नलच्या रांगेचं गणित

सकाळी मुलांना शाळेत सोडायला निघालात, की कोपऱ्यावरचा सिग्नल कधी एका हिरव्यात पार होतो, तर कधी तीन हिरवे जातात तरी गाडी तिथंच. शाळांना सुट्टी लागली की तोच रस्ता मोकळा! असं का होतं, ते आज पाहू या.

हिशेब सोपा आहे. हिरवा लागला की एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक गाडी सुटते. समजा, दिव्यांची पूर्ण फेरी ६० सेकंदांची आणि त्यातले ३० सेकंद तुमच्या वाट्याला. म्हणजे एका फेरीत १५ गाड्या जातील. १४ आल्या तर रांग संपते. १६ आल्या तर एक मागे उरते. एकच! पण अर्ध्या तासात ३० फेऱ्या होतात, म्हणजे ३० गाड्या तुंबतात. तेव्हा येणाऱ्याला आधी दोन हिरवे नुसते बघत बसावे लागतात.

त्यात गाड्या मोजूनमापून येत नाहीत. सरासरी १४ असली तरी एका फेरीला ११ येतात, दुसरीला १८. अकराच्या वेळी वाया गेलेला हिरवा साठवून ठेवता येत नाही, अठरातल्या तीन मात्र मागे राहतात. म्हणून रस्ता पुरता भरण्याआधीच रांगा लागतात.

हे गणित एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत मांडलं. फेरी फार लहान ठेवली तर दिवे बदलण्यातच वेळ जातो, फार लांबवली तर लालवर ताटकळणं वाढतं. यातला मधला आकडा त्यांचं सूत्र काढून देतं. पुढे ‘स्कूट’ ही प्रणाली आली. रस्त्यातल्या सेन्सरवरून गाड्यांचा अंदाज घेऊन ती सेकंद कमी-जास्त करते. पण गाड्याच जास्त झाल्या तर तीही काय करणार?

मग आपल्या हातात काय? सोळाच्या चौदा करणं. शेजारच्या दोन-तीन घरांनी पाळी लावून मुलं एका गाडीतून न्यावीत, शाळा जवळ असेल तर चालत जावं. आणि दहा मिनिटं आधी निघा. रांग मिनिटागणिक वाढत असते, त्यामुळे लवकर निघणाऱ्याला तिचं शेपूट आखूडच भेटतं.

सांभाळून गाडी चालवा. भेटू पुढच्या आठवड्यात.