ग्राहकाचा खिसा आणि व्यापाऱ्याची दृष्टी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवरील भाषणे आपण ऐकलीत. आज आम्ही धुण्याच्या भुकटीविषयी बोलणार आहोत, याबद्दल रसिकांनी क्षमा करावी. आमची हयात गुजरातेत खोबरेल तेलाच्या विक्रीत गेली. तेव्हा सरस्वतीच्या या मंदिरात आम्हांस बाजाराचीच भाषा येते.

परंतु विषय निवडण्याचे कारण वेगळे आहे. महोत्सवी निधीच्या शिलकीतून भगिनींसाठी गृहोद्योग-विक्रीकेंद्र काढावे, असा प्रस्ताव तरुण सभासदांनी मांडला आहे. काही ज्येष्ठांचा त्यास विरोध आहे आणि त्यासाठी ते आपल्या बंद पडलेल्या ग्राहक भांडाराचा दाखला देतात. त्या भांडाराचे चिटणीस आम्हीच होतो. म्हणून ते का बुडाले हे सांगण्याचे कर्तव्यही आमचेच. मात्र ते सांगण्यापूर्वी मोठ्या कंपन्या कशा चुकल्या व कशा सावरल्या, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

आपल्या अहमदाबादेतलीच गोष्ट घ्या. राज्य सरकारच्या भूगर्भ व खनिज खात्यात रसायनज्ञ असलेल्या करसनभाई पटेलांनी १९६९ साली घराच्या परसात धुण्याची पिवळी भुकटी तयार केली. मुलीच्या निरुपमा या नावावरून तिचे 'निरमा' असे नामकरण केले. नोकरी सांभाळून सायकलवरून ते ती दारोदार विकीत. भाव किलोला सुमारे साडेतीन रुपये. त्या वेळी सर्फची किंमत तिच्या तिपटीहून अधिक होती.

सर्फ होती हिंदुस्थान लिव्हरची. १९३३ सालापासून या देशात पाय रोवलेली, १९५६ साली तीन कंपन्यांच्या एकीकरणातून नवे रूप घेतलेली ही बलाढ्य संस्था. १९५९ साली तिने सर्फ आणली आणि शहरी मध्यमवर्गास भुकटीने कपडे धुण्यास शिकविले. तथापि या देशातील बहुसंख्य गृहिणी अद्याप वडीवर आणि सोड्यावरच भागवीत होत्या. त्यांना भुकटी नको होती असे नव्हे, तर ती त्यांच्या खिशास परवडत नव्हती. बड्या कंपनीच्या हिशेबात या गृहिणीची गणनाच नव्हती. करसनभाईंच्या हिशेबात तीच पहिली होती.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावयास हवे. निरमा सर्फहून सरस होती म्हणून खपली नाही. तिच्यात सोड्याचे प्रमाण अधिक होते, हात चरचरत, रेशमी वस्त्रास ती मानवत नसे. आपला साधारण उद्योजक आधी माल तयार करतो, खर्च मांडतो, वर नफा चढवतो आणि मग भाव ठरवितो. करसनभाईंनी उलटा हिशेब मांडला. आधी ग्राहकास काय परवडेल ते ठरविले आणि त्यात बसेल असा माल घडविला. यंत्रशक्तीवाचून हातांनी मिश्रण केल्याने अबकारी करात सवलत मिळाली, बांधणी साधी ठेवली, वरचा कारभार आटोपशीर ठेवला. १९८० च्या दशकाच्या मध्यास खपाच्या वजनात निरमाने सर्फला मागे टाकले.

लिव्हरने आधी जाहिरातीचे अस्त्र उपसले. चोखंदळ, काटकसरी 'ललिताजी' घराघरांत पोचल्या. परंतु ज्या घरात महिन्याचा किराणाच मोजून-मापून येतो, त्या घरास चांगल्या वस्तूचे पाठ देऊन भागत नाही. अखेरीस कंपनीने चूक मनोमन मान्य केली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात 'व्हील' ही स्वस्त भुकटी आणली. केवळ नवे नाव देऊन ती थांबली नाही. लहान उत्पादकांकडून ठिकठिकाणी माल करवून घेतला, वितरणाची निराळी घडी बसविली, कमी नफा आणि अफाट खप हे गणित स्वीकारले. पुढे याच धड्यावरून मूळ युनिलिव्हर कंपनीने १९९० च्या दशकात ब्राझीलच्या गरीब ईशान्य भागात 'आला' नावाची भुकटी काढली. अहमदाबादच्या परसातील शिकवण सातासमुद्रापार गेली!

दुसरे उदाहरण तमिळनाडूतील कडलूरचे. तेथील चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू लहानशा पुडीत भरून विकण्याचा मार्ग दाखविला. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' शाम्पू काढला. आधी त्यांनी कोणत्याही शाम्पूच्या रिकाम्या पुड्या परत घेऊन त्यांच्या बदली एक भरलेली पुडी दिली. लोकांस सवय जडल्यावर केवळ 'चिक'च्याच पुड्या घेतल्या. बाटली घेणे ज्यांस शक्य नव्हते, ते पुडीचे गिऱ्हाईक झाले आणि बड्या कंपन्यांसही पुड्या काढणे भाग पडले.

तिसरे उदाहरण मुंबईचे. तेथे नायगावात १९४८ साली गिरणगावातील कामगारवर्गाच्या पुढाकाराने सहकारी भांडार सुरू झाले. तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपास आले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००२ साली, राधाकिशन दमाणी यांनी पवईस 'डी-मार्ट' काढले. शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची, झगमगाट नाही, नित्य खपाच्या निवडक वस्तू आणि पुरवठादारास त्वरित पैसे. त्वरित पैसे मिळाल्याने पुरवठादार भावात सूट देतो आणि तीच सूट ग्राहकाच्या पदरात पडते. दुकाने त्यांनी घाई न करता वाढविली. २०१७ साली कंपनीचे समभाग बाजारात आले, तेव्हा त्यांवर लोकांच्या उड्या पडल्या.

आता आमच्या भांडाराकडे वळतो. पुण्याहून आम्ही गोडा मसाला, मेतकूट, भाजणी मागवीत होतो. माल अस्सल होता, त्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. परंतु मेतकूट अर्ध्या किलोहून कमी द्यायचे नाही, असा आमचा नियम. दोन माणसांच्या घरात ते संपेपर्यंत त्याचा वास उडून जाई. भांडार उघडे फक्त रविवारी सायंकाळी. उधारी सभासदांच्या भिडेपोटी वाढत गेली आणि पुरवठादारांचे पैसे थकले. सर्वांत मोठी चूक मात्र निराळीच. शेजारच्या सोसायटीतील एक गुजराती भगिनी एकदा मेतकूट मागावयास आल्या. कोणाच्या तरी घरी त्यांनी ते भातावर खाल्ले होते. "बेन, हे फक्त सभासदांसाठी आहे," असे आम्हीच त्यांस सांगून परत पाठविले. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत आणि सात वर्षांनी भांडारही राहिले नाही. व्यापारात मराठी माणूस मागे का, यावर आम्ही याच सभागृहात पुष्कळदा बोललो आहोत. पण दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठविल्याची ही हकीकत आज प्रथमच सांगत आहोत.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. विक्रीकेंद्र अवश्य काढावे. शंभर ग्रॅमचे पुडे ठेवावेत, व्यवहार रोखीने करावा, करणाऱ्या भगिनीचे पैसे आठवड्याच्या आत चुकते करावेत. आणि दार सर्वांना, प्रामुख्याने गुजराती शेजाऱ्यांना, उघडे असावे.

एका गोष्टीत मात्र बड्यांचे अनुकरण नको. स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतच असते. स्वस्त भुकटीची किंमत धुणारणीच्या हातांनी मोजली, पुड्यांचा प्लास्टिक कचरा आज आपल्या गटारांत अडकतो आहे, आणि मोठ्या दुकानांपुढे कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार चिंतेत आहे. आपला भाव कमी करावयाचा झाल्यास तो बांधणीतून, भाड्यातून आणि नासाडी टाळून करावा. भाजणी भाजणाऱ्या भगिनीच्या मजुरीतून नव्हे. तिच्या मजुरीस हात लावावा लागणार असेल, तर केंद्र न काढलेलेच बरे.

कार्यकारिणीची सभा पुढील महिन्यात आहे. भांडार बुडाले म्हणून केंद्रही बुडेल, असे जे बंधू म्हणतात, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे: भांडार ग्राहकाने बुडविले नाही, ते आम्ही बुडविले. आमच्या चुकीची शिक्षा या भगिनींस देऊ नये.

 जय हिंद! जय महाराष्ट्र! जय गुजरात!