जॉब कार्डावरच्या पाककृती

निवेदकांनी माझी ओळख कवी म्हणून करून दिली. कविता मी लिहितो, पण तीस-पस्तीस वर्षं पोट भरलंय ते लेथ मशीनवर. म्हणून आज कवितेवर नाही, डब्यावर बोलणार आहे. कामगाराच्या डब्यावर.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. शाहीर अमर शेखांची बार्शी, ती. अब्बा कामाच्या शोधात दापोडीला आले आणि १९८८ साली मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून चिकटलो. बी.ए. पुढं बहिःस्थ विद्यार्थी म्हणून केलं, रात्रपाळी सांभाळून. आमच्या भागात १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आली, टेल्को आली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी आमच्यासारखी छोटी वर्कशॉप गल्लोगल्ली उभी राहिली. माणसं कुठून कुठून आली. जळगावचा फिटर, उस्मानाबादचा ग्राइंडर, चिपळूणकडचा स्टोअरकीपर. प्रत्येकानं येताना गावाकडची चूल डोक्यात घालून आणली होती.

साडेबाराचा भोंगा झाला की भुसा आणि साबण लावून हात चोळायचे. कूलंटचा वास तरी जायचा नाही. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीशेजारी ठेवलेले डबे कोमट झालेले असायचे. जमिनीवर पुठ्ठे टाकून आम्ही आठजण गोल बसायचो. जळगाववाल्याकडं कळण्याची भाकरी आणि भरलेल्या हिवाळ्यात हिरव्या वांग्यांचं भरीत. भरीत म्हणजे वांगं भाजून कुस्करणं, एवढीच माझी समज होती. त्याच्याकडून कळलं की त्यात लाल तिखट घालणं हा गुन्हा आहे. हिरवी मिरची आणि लसूण वांग्याबरोबर ठेचायचा. उस्मानाबादवाला येसराची आमटी आणायचा. चिपळूणकराच्या कुळथाच्या पिठीला आम्ही पहिला महिनाभर नावं ठेवली आणि नंतर तिच्यासाठी भांडलो.

या गोलात एक माळकरी मामा होते. वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे, खेड तालुक्यातले. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला भोसरीहून आळंदीला चालत जायचे. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. त्यामुळं आमच्या घरी मटण गुरुवारी आणि उरलेलं शुक्रवारच्या डब्यात. शुक्रवारी मामा गोलातच बसायचे, पण दोन पुठ्ठे सोडून. बोलायचे नाहीत काही. ही गोष्ट मी घरी सहज सांगितली. पुढच्या बाजारातून अम्मीनं एक नवं जर्मनचं पातेलं आणलं आणि ते फळीवर वेगळं ठेवलं. त्यात फक्त डाळ शिजायची. डब्याचा वरचा पुडही डाळीपुरता राखला. मामांनी एकदाच विचारलं, ‘वेगळं असतं ना रे भांडं?’ मी हो म्हटलं. त्या दिवसापासून मामा शेजारी बसून त्या पुडात भाकरी बुडवू लागले. याला कुणी सोवळं म्हणेल. म्हणो. अम्मीच्या लेखी तो पाहुणचार होता.

त्या आंबट डाळीनं शॉपमध्ये नाव काढलं. मग सगळ्यांच्या घरून विचारणा, कशी करतात? आता गंमत बघा. बायकांनी केलेला पदार्थ, तो खाणारे पुरुष, आणि कृती सांगणारेही आम्हीच. आम्हाला चहापलीकडं काही येत नव्हतं. मामींनी विचारलं, चिंच किती? मी ऐटीत सांगितलं, ‘आंबट होईपर्यंत.’ त्यांनी चिंच पहिल्यापासून डाळीबरोबर शिजत टाकली आणि डाळ दोन तास टणटणीत राहिली. मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘कवी, तुमच्या डाळीनं आमचं रॉकेल संपवलं.’

तेव्हा मी शहाणा झालो. संध्याकाळी अम्मीच्या पुढ्यात बसलो आणि वापरून झालेल्या जॉब कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. अम्मी दखनीत सांगायची, मी मराठीत उतरवायचो. तिची मापं मूठ, चिमूट आणि ‘थोडासा’. त्यांची वाटी-चमच्यात बेरीज करताना घाम फुटायचा. कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त आख्ख्या महाराष्ट्रासाठी हे केलं त्याचं मोल मला तेव्हा कळलं. कार्डावरचा मजकूर अजून पाठ आहे, सांगतो.

एक वाटी तूरडाळ तीन वाट्या पाण्यात, हळद आणि दोन हिरव्या मिरच्या घालून अगदी मऊ शिजवायची. रवीनं घोटायची. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ डाळ शिजल्यावरच घालायचा, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही. मीठ घालून दोन उकळ्या. मग पळीत तेल, मोहरी, जिरं, सुकी मिरची, कढीपत्ता आणि सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण. लसूण तांबूस झाला की फोडणी डाळीवर ओतून ताबडतोब झाकण, नाहीतर अर्धा वास शेजाऱ्याकडं जातो. गूळ नाही. इथं आमचं आणि सदाशिव पेठेचं जमत नाही. डब्यात द्यायची असेल तर वाटते त्यापेक्षा पातळ ठेवा, दुपारपर्यंत ती आपोआप आळते. आणि कोमट झाल्याशिवाय पुड बंद करू नका.

माझं अक्षर बरं होतं. हळूहळू सगळ्यांच्या कृती मीच लिहू लागलो. भाकरी थापताना चिरते, तर पीठ जुनं असेल, विरी गेली असेल, उकळत्या पाण्यात मळा, हे उस्मानाबादवाल्याच्या आईचं. छापून येणारी पहिली कविता पुढं चार-पाच वर्षांनी आली. आधी माझं मराठी वाचलं गेलं ते कालवण ढवळता ढवळता.

मग डिसेंबर १९९२ उजाडला. सहा तारखेनंतर काही दिवसांनी मी कामावर गेलो. आमच्या शॉपमध्ये कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही, हे शपथेवर सांगतो. फक्त दुपारी गोल बसला नाही. आज वाटतं, आधी मीच मशीनपाशी डबा उघडून बसलो आणि मग बाकीचेही आपापल्या जागी बसले. कुणी कुणाला टाळलं ते सांगता येत नाही. मी खालचे पुड खाल्ले. वरचा, डाळीचा, तसाच परत नेला. अम्मीनं डबा घासायला घेतला. ‘दाल वैसीच आयी रे?’ मी म्हटलं, वेळ नव्हता. ती काही बोलली नाही. डाळ गरम करून स्वतः जेवली. दुसऱ्या दिवशी वरच्या पुडात पुन्हा डाळ. तीही परत आली. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, नको देऊस. तिनं दिलीच.

त्या दुपारी मामा हातात भाकरी घेऊन माझ्या लेथपाशी आले. म्हणाले, ‘मंडळी विचारत होती, चिंच घातल्यावर उकळ्या किती काढायच्या?’ कार्ड त्यांच्या घरी दीड वर्षापासून होतं, माझ्याच अक्षरातलं. मी म्हटलं, ‘दोन.’ मामांनी टूलबॉक्सवर टेकून वरचा पुड काढला, झाकण उघडलं आणि जेवायला लागले. निम्मी डाळ संपल्यावर म्हणाले, ‘आज मीठ कमी आहे.’ मीठ खरंच कमी होतं. गोल पूर्वीसारखा भरायला संक्रांतीपर्यंतचा वेळ लागला, आणि जळगाववाला तर तोवर नोकरी सोडून गेला होता.

ते वर्कशॉप २००१ साली बंद पडलं. मामांनी त्याआधीच हिशेब घेऊन गाव गाठलं होतं. मी फिरत फिरत चाकणला आलो. कांदा-बटाट्याच्या बाजाराचं चाकण, डोळ्यांदेखत मोटारींचं झालं. इथं कॅन्टीन आहे. जेवण स्वच्छ, गरम, ताट सगळ्यांचं सारखं. तक्रार नाही. पण शेजारच्याला ‘हे कुणी केलं?’ असं विचारायचं काही उरत नाही. महाळुंग्यात खोली करून राहणारी पोरं, कुणी नांदेडचा, कुणी बिहारचा, सुट्टीच्या दिवशी कुकर लावतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं. डाळ दाताखाली येत होती. चिंच कुकरमध्ये आधीच टाकलेली! मी तिथल्या तिथं कागद मागितला, तर पोरगा म्हणाला, ‘चाचा, बोला, मी रेकॉर्ड करतो.’

अम्मी आता नाही. तिच्या ट्रंकेत जॉब कार्डांचा गठ्ठा सापडला. तेलाचे डाग, हळदीची बोटं. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो आणि ती करून बघायची. एकच पदार्थ तिला कधी जमला नाही, मामांच्या खेड-जुन्नरकडची मासवडी. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा माळकऱ्याच्या डब्यात मास कसं, म्हणून मी चमकलो होतो. निघाली बेसनाची वडी, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. माशासारखा आकार देतात म्हणून ते नाव, असं मामा सांगायचे. अम्मीची वडी प्रत्येक वेळी चिरायची. आम्ही ती रश्शात मोडून खायचो.

गठ्ठ्यात ते कार्डही आहे. खोबरं, तीळ, लसूण भाजायचं. बेसन फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचं. फडकं ओलं करून त्यावर खसखस पसरायची. पीठ गरम असतानाच हात पाण्यात बुडवून थापायचं आणि मग— इथं माझं अक्षर तुटतं. भोंगा झाला होता. मामा म्हणाले होते, पुढचं उद्या सांगतो.