टॉलपडलचें मातीचें प्रार्थनामंदिर



आज आम्ही तुम्हांस एका लहान खेड्यांतील लहान प्रार्थनामंदिराची हकीगत सांगणार आहों. इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट नांवाचा परगणा आहे. त्यांत टॉलपडल हें खेडें. तेथील मेथॉडिस्ट पंथाच्या गरीब लोकांनीं १८१८ सालीं आपलें प्रार्थनामंदिर उभारलें. त्याच्या भिंती मातीच्या. मातींत पेंढा कालवून थरावर थर दिलेल्या, जशा आपल्याकडे खेडोपाडीं असत. २०१८ सालीं त्यास दोनशें वर्षें पुरीं झालीं. आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि कोणास धर्म बदला असें सांगावयास येथें उभे राहिलों नाहीं. परंतु त्या भिंतींआड मजूर लोक जें शिकले, तें कोणत्याहि धर्माच्या कष्टकऱ्यानें शिकण्याजोगें आहे.

प्रथम हा पंथ कसा निघाला तें ऐका. जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हा इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचाच पाद्री. खाणींत राबणारे लोक चर्चच्या दारीं येत नाहींत आणि चर्च त्यांच्या दारीं जात नाहीं, हें पाहून १७३९ पासून तो उघड्या माळावर उपदेश करूं लागला. पुढें १७४२ सालीं ब्रिस्टल शहरांत प्रार्थनागृहाचें कर्ज फेडावयाचें होतें. तेव्हां तोड अशी निघाली कीं, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी आणि दर बारा जणांमागें एकानें ती गोळा करावी. पेनी म्हणजे त्या काळीं शिलिंगाचा बारावा हिस्सा. पेनी मागावयास घरोघर जातां जातां सुखदुःखाची विचारपूस होऊं लागली, आणि त्यांतून दर आठवड्यास एकत्र बसणारे बारा-बारा जणांचे वर्ग तयार झाले. या वर्गांचे पुढारी साधे कामकरी असत, स्त्रियाहि असत. उपदेशकसुद्धां पुष्कळसे प्रपंचांतलेच. सहा दिवस नांगर धरावा आणि रविवारीं चार कोस चालून शेजारच्या गांवीं उपदेश करावा, असा त्यांचा क्रम.

याचा परिणाम काय झाला? ज्यास मालकापुढें मान वर करण्याची चोरी, तो चार माणसांत उभा राहून बोलूं लागला. धर्मग्रंथ वाचावयाचा म्हणून अक्षर शिकला. पेनीपेनीचा हिशेब ठेवूं लागला. टॉलपडलचा जॉर्ज लव्हलेस हा असाच एक नांगऱ्या उपदेशक. मजुरींतून पैसा वांचवून त्यानें धर्मविषयक पुस्तकांचा लहानसा संग्रह केला होता.

आतां मजुरीची गोष्ट. १८३० नंतरच्या त्या वर्षांत टॉलपडलच्या मजुरांनीं मालकांपाशीं गाऱ्हाणें नेलें. इतर गांवीं मिळते तितकी मजुरी तुम्हांसहि मिळेल, असें वचन झालें. गांवचा पाद्री त्यास साक्षी होता. इतर गांवीं आठवड्यास १० शिलिंग मिळत. येथील मालकांनीं ९ दिले, मग ८ केले, मग ७, आणि पुढें ६ होतील अशी भाषा सुरू झाली. मजूर वरिष्ठांकडे गेले, तेव्हां पाद्रीबोवांनीं कानांवर हात ठेविले! वचन तोंडी होतें, कागद नव्हता. देवाच्या नांवानें बोलणाऱ्या मनुष्याच्या शब्दावर गरिबांनीं विश्वास ठेविला, आणि तो शब्द वाऱ्यावर गेला.

तेव्हां १८३३ च्या अखेरीस लव्हलेस व त्याचे सोबती यांनीं शेतमजुरांची मित्रसभा स्थापिली. प्रवेशास एक शिलिंग व दर आठवड्यास एक पेनी, अशी वर्गणी ठरली. बंधूंनो, ही पेनी ओळखलीत काय? प्रार्थनेच्या वर्गांत जी रीत पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली होती, तीच येथें भाकरीच्या कामीं आली. दंगाधोपा करूं नये, सभेंत बीभत्स गाणीं म्हणूं नयेत, असे त्यांचे नियम होते.

एक चूक मात्र त्यांच्या हातून झाली, ती आम्ही लपवीत नाहीं. सभासद करून घेतांना त्याचे डोळे बांधीत, सांपळ्याचें चित्र दाखवीत आणि गुप्ततेची शपथ घेववीत. त्या काळच्या संघांची ती रीतच होती. परंतु शत्रूच्या हातीं कोलीत मिळालें तें येथेंच. १८२४ पासून मजुरांनीं संघ करणें हा गुन्हा राहिला नव्हता. म्हणून सरकारनें १७९७ चा एक कायदा धुंडाळून काढला. तो आरमारांतील बंडाच्या वेळीं बेकायदा शपथांविरुद्ध केलेला! २४ फेब्रुवारी १८३४ रोजीं पहांटे शिपाई आला आणि सहा जणांस सुमारें सात मैल पायीं चालवीत डॉर्चेस्टरला घेऊन गेला. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा टॉमस स्टॅनफील्ड, भाचा जॉन स्टॅनफील्ड, जेम्स ब्राइन व जेम्स हॅमेट, हीं त्यांचीं नांवें. मार्च महिन्यांत सर्वांस सात वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली व ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली. हॅमेट शपथेच्या वेळीं हजरच नव्हता. हजर होता त्याचा भाऊ. पण भावाच्या घरीं बायको गरोदर, म्हणून हा एक शब्द न बोलतां त्याच्या जागीं गेला, असें सांगतात.

मागें राहिलेल्या बायकामुलांनीं गांवच्या गरीबफंडांतून मदत मागितली, तर तीहि नाकारली गेली. तुमचे नवरे संघाला पैसे देत होते ना, मग संघाकडेच जा, असा भाव! वेस्लियन पंथाचे बडे पुढारीसुद्धां मजूरसंघांकडे संशयानेंच पाहत. त्यांच्याकडून या सहा जणांस आधार मिळाला नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों, गुण पंथाच्या गादीचा नव्हे. गुण त्या आठवड्याच्या बैठकीचा.

परंतु देशभरचे कामकरी उठले. २१ एप्रिल १८३४ रोजीं लंडनांत हजारों लोकांची मिरवणूक निघाली; अर्जावर सुमारें दोन लाख सह्या झाल्या. लंडनच्या कमिटीनें वर्गणी जमवून त्या कुटुंबांस पोसलें. अखेर मार्च १८३६ मध्यें सरकारास पुरी माफी द्यावी लागली. जॉर्ज लव्हलेस १८३७ सालीं परत आला. हॅमेट यावयास १८३९ उजाडलें. पुढें पांच जण कानडा देशीं शेती करावयास गेले. हॅमेट एकटा टॉलपडलला राहिला, आणि १८९१ सालीं डॉर्चेस्टरच्या अनाथगृहांत वारला. ज्यानें सर्वांसाठीं सोसलें, त्याचा शेवट असा झाला, हेंहि विसरूं नका.

तें मातीचें मंदिर पुढें ओस पडलें आणि शेतीच्या सामानाचें कोठार झालें. अलीकडे एका विश्वस्त मंडळानें तें विकत घेऊन दुरुस्तीस काढलें. गांवांत नवें मेथॉडिस्ट मंदिर झालें. त्याच्या दारापुढें या सहा जणांच्या स्मरणार्थ कमान उभारली, ती १९१२ सालीं आर्थर हेंडरसन यांनीं उघडली. हे गृहस्थ ओतारी कामगार म्हणून राबलेले, मेथॉडिस्ट उपदेशक, आणि मजूर पक्षाचे पुढारी. १९३४ सालीं शंभर वर्षें झालीं, तेव्हां इंग्लंडच्या मजूरसंघांनीं म्हाताऱ्या शेतमजुरांकरितां तेथें सहा घरें बांधलीं आणि हॅमेटच्या थडग्यावर दगड बसविला. हल्लीं दर जुलै महिन्यांत मजूरसंघ निशाणें व वाजंत्री घेऊन त्या खेड्यांत जमतात आणि त्या थडग्यावर फुलें वाहतात.

बंधुभगिनींनो, वर्षश्राद्ध व वर्षदिन आपणहि पुष्कळ करतों. हार घालतों, जेवणावळी उठवितों आणि घरीं जातों. टॉलपडलच्या लोकांस मान द्यावयाचा तर दुसरी गोष्ट करा. दहा-बारा घरांनीं आठवड्यास एक वेळ ठरवून बसावें. घरटी जमेल तितकीच, पण न चुकतां वर्गणी काढावी. वही लिहावी, आणि ती महिन्यास सर्वांपुढें वाचावी. लिहावयास येणारी सून असेल तर वही तिच्या हातीं द्यावी. सावकार, व्यापारी, पुढारी कोणीहि वचन देवो, तें कागदावर घ्यावें. आणि जें करावयाचें तें उघड करावें. शपथा नकोत, गुप्त खुणा नकोत. एखाद्या घरचा कर्ता माणूस अडचणींत सांपडला, तर त्याच्या चुलीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी. त्यासाठींच ती पेनी.

येत्या बाजारच्या दिवशीं शेजाऱ्यांशीं हा विषय काढा, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.