रस्त्यावरील दुर्बीण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामातील तरुण मंडळापुढे केलेले भाषण)



आकाशनिरीक्षण हे विद्वानांचे काम, आपणांस त्याचे काय, असे पुष्कळांस वाटते. पोपमहाशयांची स्वतःची वेधशाळा आहे; तेरावे लिओ यांनी १८९१ साली तिची पुनःस्थापना केली. परंतु ज्यांची हकीकत आम्ही आज सांगणार आहो, ते जॉन डॉब्सन कोणत्याही वेधशाळेतले नव्हते, आणि आपल्या धर्माचेही नव्हते.

यांचा जन्म १९१५ साली चीनमध्ये पेकिंग येथे झाला. पुढे अमेरिकेत ते रसायनशास्त्राचे पदवीधर झाले व १९४४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठात त्यांनी प्रवेश केला. मठवाशाजवळ पैसा कोठून असणार? त्यांनी जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच मिळविली. अशा दोन काचा एकमेकींवर ठेवून, मध्ये वाळू व पाणी घालून तासन्‌तास घासल्या म्हणजे वरची हळूहळू खोलगट होते. मग बारीक पुडीने झिलई व वर धातूचा पातळ लेप. झाला दुर्बिणीचा आरसा! १२ इंच व्यासाच्या या आरशातून त्यांनी चंद्र पाहिला मात्र, हे सर्वांनी पाहिले पाहिजे, हा एकच ध्यास त्यांस लागला.

येथेच संकट उभे राहिले. मठाने त्यांस सॅक्रामेन्टो येथे धाडिले होते. तेथे चाकांवर दुर्बीण ढकलीत ते रात्री आसपासच्या वस्तीत जात. १९६७ साली त्यांस मठ सोडावा लागला. आज्ञापालनाचे व्रत आपण क्षुल्लक मानीत नाही; व्रतस्थाने मठात असावे ही अपेक्षा रास्तच होय, व मठाधिपतींस दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. तथापि तेवीस वर्षांचे घर सुटले, पन्नाशी उलटलेली, जवळ पै नाही, आणि तरीही या गृहस्थांनी दुर्बीण सोडली नाही!

१९६८ साली त्यांनी काही तरुणांसह सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी मांडणारी संस्था काढली. येणाऱ्याजाणाऱ्यास हाक मारावी, शनीचे कडे दाखवावे, मोबदला मागू नये. नळी काँक्रीटचे खांब ओतावयाच्या पुठ्ठ्याची, बैठक प्लायवुडची; नळी वरखाली होते, पेटी डावीउजवीकडे फिरते, इतकेच. आपल्याकडील कोणत्याही सुताराने सहज करावी अशी ही रचना! तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. ती जगभर पसरली व त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुर्बिणीचे मोल ते तिच्यातून किती लोकांनी पाहिले यावरून करीत.

विश्वोत्पत्तीविषयीची त्यांची मते मात्र शास्त्रज्ञांस मान्य झाली नाहीत. महास्फोट त्यांस पटत नसे. आणि त्या कल्पनेचे आद्य प्रवर्तक लमेत्र हे तर आपले कॅथॉलिक धर्मगुरू! २०१४ च्या जानेवारीत, वयाच्या ९८ व्या वर्षी, डॉब्सन निवर्तले.

देवळामागील पटांगणात तशीच एक दुर्बीण मांडली आहे. वृद्धांस प्रथम पुढे येऊ द्यावे. लहान मुलांसाठी स्टूल ठेविले आहे.