ठणका थांबला म्हणजे दुखणे बरे झाले काय?
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांना शिकविलेले एक साधे शिक्षक आहोत. तथापि दातांच्या दुखण्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आमच्याच चुकांनी आम्हांस दिला आहे.

आमच्या वडील बंधूंची दाढ ठणकू लागली, तेव्हा घरी कन्येच्या लग्नाची धांदल होती. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरला. दोन दिवसांत ठणका थांबला आणि आम्ही निश्चिंत झालो. वस्तुतः दाढेतील नस मेली म्हणून वेदना थांबली होती. पू मुळाशी साचतच होता. अक्षता पडल्या त्याच रात्री हनुवटीखाली सूज चढली, ताप भरला, तोंड उघडेना, लाळही गिळवेना. शहरातील रुग्णालयात गळ्याला छेद देऊन पू काढावा लागला. बंधू वाचले, पण सकाळपर्यंत थांबलो असतो तर श्वास कोंडला असता, असे डॉक्टरांनी सांगितले. या विकाराचे वर्णन लुडविग नामक जर्मन वैद्याने १८३६ सालीच करून ठेविले आहे.

म्हणून सूज गळ्याकडे वा डोळ्याकडे पसरू लागली, ताप आला, गिळण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होऊ लागला, तर रात्र असो वा लग्नघटिका, थेट मोठ्या रुग्णालयात जावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सुजेवर शेक देऊ नये. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरू नये, तिने हिरडी भाजते. दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापडाची घडी त्या जागी वीस मिनिटे घट्ट चावून धरावी. तरीही न थांबल्यास डॉक्टरांकडे जावे.

दुसरी चूक शाळेच्या मैदानावरची. खोखो खेळताना एका मुलाचा पुढचा दात मुळासकट निखळला. आम्ही त्याचे तोंड धुतले, समजूत घातली आणि दात मातीत तसाच राहू दिला. तो पुन्हा बसविता येतो, हे आम्हांस ठाऊकच नव्हते. दुधाचा दात पुन्हा बसवीत नाहीत. पक्का दात मात्र वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा, मुळास बोट लावू नये, ते घासू नये. मळला असल्यास क्षणभर दुधाने वा पाण्याने धुवून खळगीत बसवावा. न जमल्यास दुधात ठेवून, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत, मुलासह दंतवैद्याकडे न्यावा.

खर्चाची चिंता खरी आहे. परंतु मुंबई व नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तेथे संकोच न करता जावे.

तो विद्यार्थी आज याच सभेत बसला आहे. त्याचा दात आम्ही परत देऊ शकत नाही. आपल्या मुलांचे दात मात्र आपण वाचवू शकाल.