डॉक्टरीणबाई आणि डीनची खुर्ची

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला ‘वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापिका’, आणि वर बजावले की बाई, आकडे कमी सांगा. मी त्यांचे ऐकणार आहे.

आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाऊक नाही अशी एकही बाई या सभागृहात नसेल. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्याला वारल्या. पण त्या कॉलेजचे डीन कोण होते, हे आपण कधी विचारत नाही. डीन एक बाई होत्या, रेचेल बॉडली, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांच्या आधी १८६६ मध्ये ॲन प्रेस्टन डीन झाल्या. १८६९ साली त्यांच्या विद्यार्थिनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे गोळे मारले. प्रेस्टनबाईंनी वर्तमानपत्रांतून जाहीर उत्तर दिले. खुर्चीवर बाई होती, म्हणून उत्तर गेले!

ते कॉलेज १९७० पासून मुलांनाही घेऊ लागले. मग १९९५ साली त्याच संस्थेत एक निराळा वर्ग निघाला. विद्यार्थिनींसाठी नव्हे, तर अनुभवी प्राध्यापिकांसाठी. आज तो ड्रेक्सेल विद्यापीठात चालतो. नोकरी न सोडता वर्षभर यायचे आणि शिकायचे काय, तर कॉलेजचे अंदाजपत्रक, वाटाघाटी, माणसे सांभाळणे. आपापल्या कॉलेजात एक काम उभे करून दाखवायचे. आणि गंमत अशी की बाईचे नाव तिच्याच कॉलेजने सुचवावे लागते. वरिष्ठ मोकळे सुटत नाहीत.

आपल्याकडे बायका खुर्चीपर्यंत पोचल्या नाहीत असे नाही. डॉ. जेरुशा झिराड १९२८ मध्ये मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. दिल्लीच्या एम्सच्या पहिल्या स्त्री-संचालिका डॉ. स्नेह भार्गव. ३१ ऑक्टोबर १९८४, त्यांच्या नेमणुकीवर शिक्कामोर्तब व्हायचा तो दिवस, आणि त्याच सकाळी इंदिराबाईंना गोळ्या लागलेल्या अवस्थेत तिथे आणले. खुर्चीची सवय व्हायलाही वेळ मिळाला नाही.

आता माझे सांगते. मी प्रसूतिशास्त्र शिकवीत असे. दुसऱ्या गावच्या कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघाली. ज्येष्ठतेने नाव माझे होते. वरिष्ठांनी मला न विचारता माझ्याहून कनिष्ठ अशा एका गृहस्थांचे नाव पाठवले. का, तर ‘बाईंची मुले लहान आहेत, त्यांना कशाला त्रास?’ माणूस वाईट नव्हता हो, त्यांनी तर माझी काळजीच घेतली होती! मला तीन महिन्यांनी कळले. मी गेले असते की नाही, ते आजही सांगता येत नाही. सासूबाई मात्र संतापल्या. म्हणाल्या, “विचारायला काय झालं होतं त्यांना? मी होते ना पोरांना.”

दुसरे एक असते, ते दिसत नाही. स्वागत समिती बाईंकडे, गॅदरिंग बाईंकडे, मुलींच्या वसतिगृहाची कटकट बाईंकडे. खरेदी समिती आणि संशोधनाचा पैसा दुसरीकडे. बढतीच्या वेळी मात्र विचारतात, शोधनिबंध किती? रांगोळी कुणी मोजत नाही.

शोधनिबंध लिहायला संध्याकाळ लागते. आपल्या मंडळाचे पाळणाघर पाचला बंद होते. आपल्याच गल्लीतली एक तरुण अधिव्याख्याती रोज पावणेपाचला वॉर्डातून धावत येते. तिची बढतीची मुलाखत आणखी दोन वर्षांनी आहे. पाळणाघर आठवड्यातून तीन दिवस आठपर्यंत उघडे ठेवावे, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे आजच दिला आहे. पहिल्या सहा महिन्यांचा सांभाळणाऱ्या बाईंचा जादा पगार माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. पुढचे तुम्ही बघा.