आरोग्य आणि शेजारधर्म
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या मंदिराच्या भिंती किती वर्षें उभ्या आहेत, हें ज्युबिलीच्या दिवशीं आपण मोजतों. त्यांच्या सावलींत माणसें किती निकोप राहिलीं, हेंही मोजण्याजोगें आहे. प्रकृति मिळकतीवर अवलंबून असते, हें खोटें नव्हे. अन्न, औषध व निवारा यांस पैसा लागतोच. परंतु तेवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. याविषयीं अमेरिकेंतील एका गांवाचें उदाहरण आम्ही आपणांपुढें ठेवतों.

पेनसिल्व्हेनिया संस्थानांत रोझेटो नांवाचें लहानसें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलींतून आलेल्या गरीब कॅथोलिक लोकांनीं तें वसविलें. पुरुष पाटीच्या दगडाच्या खाणींत राबत. फादर पास्क्वाले दे निस्को यांनीं तेथें मंडळ्या स्थापिल्या, सण सुरू केले व परसांत भाजीपाला लावण्यास लोकांस उत्तेजन दिलें.

१९६० नंतर डॉ. स्टुअर्ट वुल्फ व त्यांचे सहकारी यांनीं या गांवाची पाहणी केली. शेजारच्या बँगॉर गांवीं पाणी तेंच, डॉक्टर तेच, रुग्णालयही तेंच. तरी रोझेटोंत हृदयविकारानें मरणारे पुष्कळच कमी आढळले. लोक चरबींत शिजविलेलें खात व तंबाखूही ओढीत. तेव्हां हें पथ्याचें फळ नव्हतें. मात्र एका घरांत तीन पिढ्या नांदत, वृद्धांस मान असे, अडलेल्यास शेजारी हात देत, आणि श्रीमंत आपल्या श्रीमंतीचा डामडौल करीत नसत.

पुढें मिळकत वाढली. मोठीं घरें, कुंपणें व भारी मोटारी आल्या. जुनी जवळीक विरली. १९३५ ते १९८५ पर्यंतच्या मृत्युनोंदींचा अभ्यास १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत रोझेटोचें मृत्युमान बँगॉरच्या बरोबरीस आल्याचें दिसलें.

एका गांवावरून जगाचा नियम बांधूं नये. दारिद्र्य आरोग्यदायी आहे, असा अर्थ तर मुळींच काढूं नये. पण लग्नाच्या थाटांत शेजाऱ्याशीं बरोबरी करतांना कर्ज काढणारा बाप, आणि औषधाची चिठ्ठी खिशांत ठेवून लाजेनें गप्प बसणारी विधवा, हीं आपल्याही आळींत आहेत. एकट्यानें वाहिलेली चिंता देहास पोखरते.

म्हणून या ज्युबिलीनिमित्त आमची विनंती एवढीच: ज्यांस देवानें दिलें आहे त्यांनीं थाट आवरावा, आणि प्रत्येक आळीनें आपले आजारी व एकाकी कोण, हें नांवानिशीं जाणावें. असें झालें तर या उत्सवाचें खरें सार्थक होईल.